सत्त्याऐंशी टक्क्यांची मुभा

खोटं बोलण्याआधी माणूस मनात एक बेरीज करतो. केतकी भारंबेनेही केली, आणि शिकलेली असल्यामुळे नीट केली. सासूचं तोंड बंद होणार होतं, ही पहिली जमा. नवऱ्याचा चेहरा पडणार नव्हता, ही दुसरी. आणि तिच्या मते सगळ्यांत मोठी जमा तिसरी : मर रोगाला दाद न देणारं केळीचं वाण प्रयोगशाळेत तिच्या हातून पुरं होणार होतं, आणि त्याला लागतील तितकी वर्षं कुणी मध्ये येणार नव्हतं. नावे बाजूला एवढंच, की एक आकडा खोटा सांगायचा. तोही घरातल्यांना. घरातल्यांना आपण त्याहून मोठं खोटं दोन वेळा जेवताना सांगतो.

मूल तिला नको होतं. त्यामागे लहानपणची भीती नव्हती की कुठलं दडलेलं दुःख नव्हतं. काही माणसांना पाण्यात उतरावंसं वाटत नाही, तसं. नवरा मात्र हवा होता. लोकेश तिला मनापासून आवडायचा, आणि इथेच घोडं अडलं होतं, कारण लोकेशला मूल हवं होतं. सावद्यासारख्या गावात, भारंब्यांच्या घरात, लग्नाला चार वर्षं झालेल्या सुनेने “मला नकोच आहे” असं उघड म्हणायचं, तर ते वाक्य पुरतं संपायच्या आत माहेरची माणसं दारात उभी राहिली असती.

पूर्वी अशा बायकांना एक सोय होती. ती सोय कशी गेली, ते आधी सांगायला हवं.

दुसऱ्याच्या खोलीत डोकावणाऱ्या शास्त्रज्ञांनी जुन्या काळी एक हिशेब मांडून ठेवला होता. शंभर जोडपी घ्या आणि वर्षभर बघा. काहीच खबरदारी घेतली नाही तर वर्षात पंच्याऐंशी जणींना दिवस जातात. नवऱ्याच्या सावधपणावर विसंबलं तर वीस-एक जणींना. निरोधवर तेरा. रोजच्या गोळीवर सात, इंजेक्शनवर चार. तांबी बसवली तर एकीलाही जेमतेम. यात गंमत अशी, की निरोधच्या डबीवरचा हिशेब वेगळा असायचा : दर वेळी, अगदी नियमानुसार वापरला तर तेरा नव्हे, दोनच. मग उरलेल्या अकरा जणींचं काय? त्या अकरा जणींच्या वेळी रबर फाटलेलं नसायचं, माणूस विसरलेला असायचा. किंवा कंटाळलेला. किंवा “आज राहू दे” म्हणालेला. साधनं बरीच चांगली होती, वापरणारे तुम्हीआम्ही होतो.

मग ‘पहारा’ आला. तांदळाच्या दाण्याएवढी चकती दंडाच्या कातडीखाली बसवायची आणि विसरून जायचं. ती दर तासाला अंगातल्या पाझराची चव घेते. बीज सुटण्याआधी शरीरात एका संप्रेरकाची लाट उठते. लाटेची पहिली चाहूल लागली की चकती औषधाचा एक कण सोडते, लाट बसते, बीज जागचं हलत नाही. बाकी महिनाभर ती झोपलेली. यात माणसाने लक्षात ठेवायचं असं काही उरलंच नाही. दहा हजार बायकांमागे वर्षात एखादी चूक झाली तर झाली. मूल हवं असेल तेव्हा बाईने दवाखान्यात जाऊन अंगठा टेकवायचा, पहारा उठतो. अंगठा फक्त तिचाच चालतो, असा कायदाच झाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि चार-पाच वर्षांत लोकांच्या ध्यानात आलं, की आपल्या घरातून चूक नावाची वस्तू चोरीला गेली आहे.

आपल्याकडे निम्मी प्रजा चुकून जन्मली. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. उलट केवढी सोय होती. ज्याला हवं होतं त्याने मागितलं नाही, जिला नको होतं तिने नाकारलं नाही, आणि दोघांच्या मध्ये एके दिवशी “राहिलं बाई” होऊन गेलं. मग पेढे. आता प्रत्येक मुलामागे एक अंगठा आला आणि नसलेल्या प्रत्येक मुलामागे एक न टेकवलेला अंगठा. सासवांना पूर्वी देवाला दोष द्यावा लागायचा. आता सून समोरच बसलेली असायची.

“मी काय म्हन्ते,” केतकीच्या सासूबाई, भारतीबाई, पोळी तव्यावर टाकत म्हणायच्या, “अंगठा दुखते का व माय तुझा?”

“नाही आई.”

“मंग तिथपर्यंत जायला रिक्षा भेटत नाही का?”

सावद्यात रिक्षा भेटत होत्या. लोकेश ताटात बघत जेवायचा. त्यालाही विचारायचं असायचं, पण त्याने विचारलं असतं तर केतकीला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तराची त्याला अंधुक कल्पना होती. माणूस मोठा भला. फैजपूर रस्त्यावर त्याचं भरीत सेंटर होतं. कपाशीच्या काड्यांच्या आगट्यावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडजीत मुसळीने ठेचायची, आणि जळगावहून गाड्या यायच्या. वांगं शिजलं की नाही हे तो सालीच्या आवाजावरून ओळखायचा. बायकोच्या गप्प बसण्यावरूनही त्याला बरंच ओळखता आलं असतं, पण तिथे त्याने कान दिला नाही.

मग चकती बनवणाऱ्या कंपनीने लोकांची ही अडचण ओळखून ‘मुभा’ काढली. हरवलेली चूक परत विकायला आणली म्हणा. चकती तीच, फक्त आता बाईने आकडा ठरवायचा. नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के, हा मूळचा आकडा. त्र्याण्णव म्हणजे जुन्या गोळीइतकी खात्री. सत्त्याऐंशी म्हणजे निरोधइतकी. ऐंशी म्हणजे नवऱ्याच्या सावधपणाइतकी. आकडा खाली आणला की चकती दर महिन्याला स्वतःशीच एक चिठ्ठी उचलते. चिठ्ठी कोरी निघाली तर पहारा, खुणेची निघाली तर त्या महिन्यापुरती झोप. कुठली निघाली ते ती कुणाला सांगत नाही, चकती बसवलेल्या बाईलाही नाही.

कल्पना लोकेशनेच आणली. तो ती एखादी साडी आणावी तशी घेऊन आला.

“सत्त्याऐंशी ठेवू,” तो म्हणाला. “झालं तर झालं. नाही झालं तर नाही. तुझ्यावर नाही, माझ्यावर नाही.”

भारतीबाईंचा शिक्षणाशी संबंध मुलाच्या गुणपत्रिकेपुरता होता. त्या म्हणाल्या, “सत्त्याऐंशी म्हणजे पहिल्या नंबरानं पास की. पास झाल्यावर पोर कुठून येईल? पस्तीसवर ठेव. काठावर.”

“आई, हे परीक्षेचे मार्क नाहीत. शंभर बायकांत वर्षाला तेरा जणींना होणार.”

“तेराच? मंग ब्याऐंशी तरी ठेव.”

“भाजी घेतोय का आपण?”

केतकी हसली. ती हसली म्हणून लोकेश हसला आणि त्याला वाटलं, ठरलं. केतकीला वाटलं, सुटले.

दवाखान्यात आतल्या खोलीत बाईने एकटीनेच जायचं, असा नियम. लोकेश बाहेर बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसला. आत नूतन तायडे नावाच्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या.

“दंड तुमचा, अंगठा तुमचा, आकडा तुमचा,” त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. “कितीवर आणायचं?”

केतकीने बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “नाहीच बदलला तर?”

“तर काय? चहा घ्यायचा, दंडाला कापूस लावायचा, बाहेर जायचं.”

“अशा येतात का कुणी?”

सिस्टरांनी थर्मास पुढे ओढला. “ताई, मुभा आल्यापासून माझा निम्मा दिवस चहातच जातो. साखर चालते ना?”

चहा बरा होता. केतकी दंडाला कापूस लावून बाहेर आली, आणि लोकेशने तिला हळूच, फुटणारी वस्तू धरावी तसं कोपराला धरून पायऱ्या उतरवल्या.

पुढची तीन वर्षं घर नुसतं गुळाचं झालं. भारतीबाईंची जीभ एकदम थंडावली. सुनेचा अंगठा आता मध्ये नव्हताच, मध्ये होती चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर रागावता येत नाही. त्यांनी सुनेला आवडतात म्हणून हिवाळाभर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या केल्या. लोकेश महिन्यातून एकदा तिच्याकडे बघायचा, न विचारता विचारायचा, आणि ती मान हलवायची. “पुढच्या वेळी,” तो म्हणायचा. प्रयोगशाळेत केतकीच्या बाटल्यांमध्ये केळीचे बोटाएवढे कोंब हिरवे होत होते. बी नाही, पराग नाही, एका पेशीतून दुसरी. तिला हे काम आवडायचं. पहिल्या वर्षी मान हलवताना ती दुसरीकडे बघायची. तिसऱ्या वर्षी ती बाटल्यांवर तारीख लिहावी तशी मान हलवायची.

या सगळ्यात एक चूक झाली, आणि ती चकतीने केली नाही.

भारतीबाई बारा बायकांची भिशी चालवायच्या. महिन्याला घरी जमायचं, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने भिशी उचलायची. तिचं नाव पुढच्या महिन्यापासून डब्यातून बाद. त्यामुळे शेवटी शेवटी डब्यात दोनच चिठ्ठ्या उरायच्या, मग एक, आणि कुणी कितीही कमनशिबी असो, वर्ष संपताना तिचा नंबर लागायचाच. भारतीबाईंनी ती चकती या डब्यावरून समजून घेतली.

“वर्षाले तेरा,” त्या बायकांना समजावत होत्या. “दोन वर्षाले सव्वीस. तीन वर्षाले एकोनचाळीस. चौथं सरलं की बावन्न, म्हणजे निम्म्याच्या वर. कधी ना कधी आपला नंबर लागतेच.”

केतकी बशांमध्ये फरसाण भरत होती. लोकेश दुकानातून भरताचा डबा द्यायला आला होता. त्याने तिला विचारलं, “आईचं गणित बरोबर आहे का ग?”

गणित चुकलं होतं. ते का चुकलं, हे केतकीला एका वाक्यात सांगता आलं असतं. भिशीत निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात. चकती मात्र दर महिन्याला सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात टाकते. मागचं तिला काही आठवत नाही. सत्त्याऐंशीवर ठेवलेल्या शंभर घरांत पाच वर्षांनी निम्मी घरं अजून रिकामीच असणार, आणि त्या रिकाम्या घरांत कुणाचा काही दोष नसणार. पण हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : मग आकडा खाली आणूया का? पुन्हा दवाखाना, पुन्हा चहा, पुन्हा एक खोटं. त्यापेक्षा नंबर लागणार या भरवशावर दोघं शांत होती, ते बरं होतं.

“हो,” ती म्हणाली. “साधारण तसंच.”

इतकंच. फरसाणाच्या बशा तिने बाहेर नेल्या.

चौथं वर्ष सरलं. बावन्न झाले. भिशीतल्या नारखेड्यांच्या सुनेने ऐंशीवर ठेवलं होतं, तिचा मुलगा चालायला लागला होता. लोकेश महिन्यातून एकदा बघायचा तो बघेनासा झाला. एक दिवस तो वांग्यांच्या बाजारातून परस्पर जळगावला गेला आणि संध्याकाळी घरी येऊन ओट्यापाशी, ती भाजी चिरत होती तिथे, उभा राहिला.

“मी तपासून घेतलं,” तो म्हणाला.

“काय?”

“माझं. आकडा कमी आहे. अगदीच नाही असं नाही, पण काठावर.” मग त्याने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, जसं त्याला समजलं तसं. पुरुषाचं बीज जिथे तयार होतं ती जागा अंगापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड लागते, म्हणून तर देवाने ती बाहेर ठेवली. आणि हा वीस वर्षांचा होता तेव्हापासून कमरेइतक्या उंचीच्या आगट्यासमोर दिवसाचे आठ तास उभा. “म्हणाले, तीन महिने आचेपासून लांब राहा. नवं बीज तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.”

“आणखी काय म्हणाले?”

“म्हणाले, काठावर म्हणजे होत नाही असं नाही. मुभेवर आहात तर चार वर्षं म्हणजे काहीच नाही, चिठ्ठी दर वेळी नवी असते, भिशीसारखं नसतं.” लोकेश थोडा हसला. “त्यांना काय कळतं? तू लॅबमधली. तू तर म्हणाली होतीस आईचं गणित बरोबर आहे.”

ती चिरणं थांबवून त्याच्याकडे बघत होती. उत्तर तयार होतं, जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं. पण ते उचलून बाहेर टाकायला जे काही लागतं, ते तिच्याजवळचं केव्हाच संपलं होतं हे तिला आत्ताच कळत होतं.

“आच सोडून बघ,” ती म्हणाली.

लोकेशने आगटा सोडला. प्रल्हाद नावाचा माणूस ठेवला आणि स्वतः पंख्याखाली गल्ल्यावर बसला. सैल पायजमे शिवून घेतले. भारतीबाई रोज बदाम भिजवायच्या. प्रल्हाद कष्टाळू होता, पण वांगी तो घड्याळ लावून भाजायचा. जुनी गिऱ्हाइकं पहिला घास घेऊन गल्ल्याकडे बघायची.

“आज हात कुणाचा आहे, शेठ?”

“तब्येतीमुळे डॉक्टरांनी मना केलंय,” लोकेश सांगायचा.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे वर्ष. जळगावच्या गाड्या कमी झाल्या आणि पुढच्या फाट्यावर नव्या निघालेल्या ढाब्यावर थांबू लागल्या. लोकेशचं पोट सुटलं. हातावरचे भाजल्याचे डाग पुसट होत गेले. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला धुराचा वास यायचा नाही. केतकीला हे एकदा जाणवलं, तिने नाक जवळ नेऊन पुन्हा खात्री केली, आणि शर्ट मशीनमध्ये टाकला. तिला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं हे कळलं, तेवढंच.

त्याच वर्षी तिचं वाण शेतात उतरलं. मर रोगाने काळ्या पडलेल्या जमिनीत लावलेली झाडं हिरवी उभी राहिली, घड धरला, बघायला परदेशातले लोक आले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिच्याशी हात मिळवला. ती म्हणाली, थँक यू. घरी येताना तिने दही घेतलं, कारण संपलं होतं.

आणि भिशीत एक दिवस शैला वायकोळे, ज्यांना दुसऱ्याच्या घरचं मीठ नेहमी कमी लागायचं, बोलून गेल्या.

“भारतीताई, सुनेले एकदा चांगल्या डॉक्टरले दाखवा. पाच वर्षं झाली. नंबर लागत नाही म्हणजे मशीनमध्ये नाही, मानसात खोट असते.”

लोकेश दारातच होता. आज दुकान लवकर बंद करून आला होता, तसंही गिऱ्हाईक नव्हतं. त्याने चप्पल काढली आणि आत येऊन, बारा बायकांच्या मध्ये उभं राहून, सरळ सांगितलं, “काकू, तिला नका दाखवू. मला दाखवून झालंय. दोष माझ्यात आहे.”

सावद्यात पुरुषाने असं वाक्य चारचौघांत बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भारतीबाई उठल्या. डबा त्यांच्या हातातच होता.

“माह्या पोरात खोट असन,” त्या म्हणाल्या, “तर ती माह्या घरात हाये. तुझ्या ताटात तं नाही ना वाढली, शैला? मंग खा तू.” आणि डबा हलवून त्यांनी चिठ्ठी काढायला पुढचीच्या समोर धरला.

केतकी स्वयंपाकघराच्या दारात होती. सगळ्या बायकांनी एकदम तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पाच वर्षांत पहिल्यांदा दया होती. ‘गुणाची बाई, तशा नवऱ्याबरोबर राहते.’ ही जमा तिने मूळच्या बेरजेत धरलीही नव्हती. ती आपोआप आली.

त्यानंतर महिनाभराने, रविवारी सकाळी, आई आणि मुलगा दोघंही तिच्यासमोर बसले. चहा झाला होता. लोकेश पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होता.

“केतू,” तो म्हणाला, “आपण दुसऱ्याचं बीज घेऊ. आता सगळे घेतात. मला चालेल.”

“मले बी चालन,” भारतीबाई म्हणाल्या. “पोर तुझ्या पोटचं असन ना? मंग झालं. तोंड कोनासारखं आहे हे मी नाही पाहनार.” त्या जरा थांबल्या, पदर सारखा केला. “आनि दुसरी एक गोष्ट. तुले दुसरं घर करायचं असन, तरी सांग. मी आडवी येनार नाही. वय आहे तुझं. माह्या पोरापायी तू काबरं सुकावं?”

लोकेशने मान हलवली. म्हणजे हे दोघांनी आधी बोलून ठेवलं होतं.

खोटं बोलताना माणूस सगळ्या शक्यता बघून ठेवतो. सासू चिडेल, नवरा संशय घेईल, कुणी दवाखान्यात विचारेल. केतकीने सगळ्यांवर उपाय ठेवला होता. समोरची माणसं इतकी चांगली वागतील, याची तजवीज तिने केली नव्हती.

“विचार करते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानावर गेली. टेबलं रिकामी होती. प्रल्हाद मागे भांडी घासत होता. लोकेश गल्ल्यावरून उठून तिच्यासाठी खुर्ची ओढायला आला, तेवढ्यात तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“मी सत्त्याऐंशी केलंच नव्हतं.”

“मग किती केलंस?”

“काहीच नाही. होतं तेच आहे.”

तो खुर्ची धरून उभा राहिला. “नव्व्याण्णव?”

“पूर्णांक नव्व्याण्णव.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. तू बाहेर बाकावर होतास तेव्हा आत मी चहा घेतला.”

मागे भांड्यांचा आवाज चालू होता. लोकेशने खुर्ची परत टेबलाखाली सरकवली, मग पुन्हा काढली, आणि त्यावर स्वतःच बसला.

“म्हणजे चिठ्ठी नव्हतीच डब्यात,” तो म्हणाला.

“नव्हती.”

“तुला नकोच आहे.”

“नको आहे.”

“हे तू मला सांगितलं असतंस…” तो म्हणाला आणि वाक्य अर्धं सोडून विचारात पडला, कारण तो प्रामाणिक माणूस होता. “मी काय केलं असतं कुणास ठाऊक. कदाचित भांडलो असतो. कदाचित सोडलंही असतं तुला.” मग म्हणाला, “पण आच नसती सोडली.”

रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने वाट पाहिली. आलं नाही.

“आईला सांगू मी?” तिने विचारलं.

“नाही.” हे तो पटकन बोलला. “अजिबात नाही. आईने बारा बायकांसमोर मला पाठीशी घातलंय. आता तिला खोटं पाडू नकोस. माझ्यात दोष आहे, हे तिने कसंबसं गिळलंय. तेच राहू दे.”

“पण तुझ्यात दोष नाही.”

“ते मला माहीत आहे. आता.” तो उठला. “तुला माहीत आहे. पुष्कळ झालं.”

प्रल्हादला त्याने त्या दिवसापुरती सुट्टी दिली आणि स्वतः आगटा पेटवला. वर्षभरात हात उतरला होता. पहिली दोन वांगी करपली, तिसरं आत कच्चं राहिलं. त्याने ती तिन्ही गाईला टाकली आणि चौथं लावलं.

तर आता हिशेब पुरा करू. कंपनीला काही तोशीस लागली नाही. तिचा पहारा एकदाही चुकला नव्हता. भारतीबाईंनी नातवाची आशा गमावली, आणि वर भिशीही. शैला वायकोळेंच्या नजरेला नजर द्यायची नाही, म्हणून त्यांनी ती दुसरीकडे सोपवली. डॉक्टरांना बरोबर असूनही श्रेय मिळालं नाही, पण त्यांना त्याची सवय असते. केतकीला मात्र तिने मांडलं होतं ते सगळं मिळालं : वाणाला तिच्या प्रयोगशाळेचं नाव, घरात शांतता, आणि नवरा. तिने यातलं काहीच गमावलं नाही. तिच्या पाटीवर आजही नुसती जमाच आहे.

किंमत लोकेशने दिली, आणि अजून देतो आहे. परवा फैजपूरला एका बारशाला दोघं गेली होती. बाळ हातोहात फिरत होतं. एका पोरीने ते लोकेशकडे द्यायला हात पुढे केले, तेव्हा शेजारच्या बाईने तिच्या कोपराला हलकेच धरून मागे घेतलं. पूर्वी हे फक्त मूल नसलेल्या बायकांच्या वाट्याला यायचं. लोकेशने ते बघितलं, हसला, आणि पोरीची पंचाईत होऊ नये म्हणून म्हणाला, “राहू दे ग, माझ्या कपड्यांना धूर लागलाय, त्याला शिंका येतील.”

बाळ पुढच्याकडे गेलं. केतकी लोकेशच्या बाजूलाच बसली होती. तिने ताटातला उरलेला भात संपवला.